तीन हो आणि एक पेटी

एका गावात एक माणूस होता, त्याला 'नाही' म्हणता येत नसे. नाव उमाकांत पोतदार, पतपेढीत कारकून. माणूस सरळ. व्यसन एकच, घरी स्पीकर बनवायचं. प्लायवूड कापायचं, पेटी जोडायची, तीत स्पीकर बसवायचा, डोळे मिटून ऐकायचं आणि मनाजोगतं वाजलं नाही की सगळं उकलून ठेवायचं. गावात कुणी त्याला कलाकार म्हणे, कुणी येडा म्हणे. तो दोघांनाही हो म्हणे.

घरात तीन माणसं. उमाकांत, त्याची बायको कुमुद आणि वडील अण्णा. धाकटी बहीण शालन लग्न होऊन लांब वऱ्हाडात गेलेली. शालनला गाणं शिकवलं ते अण्णांनीच. 'पोरीला गाणं शिकवून काय तमाशात पाठवणार का?' असं लोक तोंडावर बोलले, तरी शिकवलं. आता त्याच अण्णांचे कान जात चालले होते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, दिवाळीपर्यंत ऐकाल ते ऐकाल, पुढचं काही खरं नाही.

अशात शालन रेडिओवर गाणार असं ठरलं. माहेरपणाला आली होती तेव्हाच जिल्ह्याच्या गावी जाऊन तिनं गाणं रेकॉर्ड केलं होतं. तबल्याला गावचाच दस्तगीर. चाल तिनं स्वतः बांधलेली, आयुष्यातली पहिली. घरात तिनं ती मुद्दाम गुणगुणलीसुद्धा नाही. "अण्णा, तुम्ही रेडिओवरच ऐका," म्हणाली आणि सासरी गेली. कार्यक्रम रविवारी सकाळी लागणार होता, तोही एकदाच. टेपरेकॉर्डर तेव्हा गावात कुणाकडे नव्हता. तेव्हा त्या सकाळी ऐकलं तर ऐकलं.

आता खरं सांगू का? अण्णा रोज रेडिओला कान चिकटवून बातम्या ऐकत आणि त्यांना शब्द न् शब्द कळत असे. प्रश्न तिथंच मिटला होता. पण उमाकांतला ते कसं पटावं?

"या तळहाताएवढ्या स्पीकरातून शालनचा आवाज? डब्यात बसून गायल्यासारखा? छट्! मी नवी पेटी करतो," तो म्हणाला. रेडिओतला स्पीकर त्यानं उपटून खणात टाकला आणि करवत हातात घेतली.

पहिली कुमुद आली. "अहो, आपलं घर केवढं आणि तुमच्या पेट्या केवढ्या! या खेपेला शिलाई मशीनच्या वरच्या फळीवर मावेल एवढीच करा. बोटभर मोठी झाली तर अंगणात नेऊन ठेवीन."

"हो," उमाकांत म्हणाला.

मग दस्तगीर आला. "उमाभाऊ, माझा डग्गा घुमला पाहिजे हां. रेडिओत नुसता टपटप वाजतो, ऐकून जीव जातो."

"हो," उमाकांत म्हणाला.

अण्णा खाटेवरून म्हणाले, "उमा, मला शब्द कळले म्हणजे झालं बाबा. जरा मोठ्यानं वाजू दे."

"हो अण्णा," उमाकांत त्यांच्या कानाशी ओरडून म्हणाला.

हो म्हणायला काय लागतं? जीभ हलली की झालं. पण लहान पेटी, खोल घुमारा आणि मोठा आवाज या तिघी एका घरात नांदत नाहीत. दोघींना ठेवलं की तिसरी माहेरी जाते. लहान पेटीत डग्गा घुमवायचा तर जड पडद्याचा स्पीकर लागतो, आणि जड पडदा मग दबक्या आवाजातच बोलतो. मोठ्यानं बोलवायचं तर पेटी मोठी करा, नाहीतर डग्गा सोडा. हे उमाकांतला माहीत नव्हतं असं नाही. या धंद्यात त्याचे केस पिकले होते. पण त्यानं मनाशी म्हटलं, बघू, काहीतरी जमवू.

जड पडद्याचा स्पीकर बसवून लहान पेटी तयार झाली. आधीच्या रविवारी कुमुद बाजाराला आणि अण्णा देवळात गेलेले बघून त्यानं ती लावून पाहिली. आहाहा! कुठलं तरी भजन लागलं होतं आणि डग्गा असा घुमत होता की फळीवरचे डबे थरथरले. उमाकांत खूश झाला. मग अण्णांना कसं ऐकू येईल ते बघायला तो त्यांच्या खाटेवर जाऊन बसला, दोन्ही कानांत कापसाचे बोळे घातले आणि ऐकू लागला. शब्द कळेनात. त्यानं उठून आवाज वाढवला. थोडं कळलं. आणखी वाढवला तसा स्पीकर खरखरू लागला. पेटीला हात लावून पाहिला तर आतून ऊब लागत होती. त्यानं घाईनं बटण बंद केलं.

तेवढ्यात कुमुद आली. "झाली का मनासारखी?"

बघा, इथं बोलायचं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण ज्या जिभेला हो म्हणायची सवय, तिला दुसरं सुचतंय कशाला?

"झाली की," तो म्हणाला.

तो आठवडा त्याचा कसा गेला ते त्यालाच ठाऊक. कुमुदच्या दुलईतला कापूस काढून त्यानं पेटीत भरला, मग काढला, मग पुन्हा भरला. घुमारा आणखी गोड झाला, आवाज मात्र होता तेवढाच राहिला. कचेरीत आकडे चुकले. अण्णा रोज सकाळी विचारत, "उमा, रविवार कधी रे?" आणि दर वेळी तो पेटी पुन्हा उकलायला बसे. वाटेत दस्तगीर दिसला की तो दुसऱ्या गल्लीत शिरे. हवा बदलली तर जमेल, अण्णांना त्या दिवशी जरा बरं ऐकू येईल, वीजच जाईल, असलं काहीबाही तो देवाकडं मागत राहिला.

वीज गेली नाही. रविवार उजाडला. अण्णा अंघोळ करून, धुवट टोपी घालून खाटेवर ताठ बसले. कुमुदनं मशीन बंद ठेवलं. दस्तगीर इस्त्रीचा सदरा घालून आला. पेटी फळीवर अगदी नेमकी बसली होती.

निवेदिकेनं शालनचं नाव घेतलं. तंबोरे लागले. अण्णांनी कानामागं हात धरला.

"लागला का रे?" त्यांनी विचारलं.

लागला होता. शालन गात होती. उमाकांतनं बटण फिरवलं.

"उमा, लागला का?"

त्यानं आणखी फिरवलं. पेटी खरखरू लागली. अण्णांच्या कपाळाला आठी पडली. "काहीतरी घोगरं ऐकू येतंय. ही शालन आहे?"

"अहो, पुरे! वास येतोय करपल्याचा!" कुमुद ओरडली.

पण उमाकांतचे हात आता त्याचे राहिले नव्हते. त्यानं बटण शेवटापर्यंत नेलं. आत टक् झालं. धुराची बारीक रेघ वर आली आणि पेटी मुकी झाली.

मग खोलीत शेजारच्या रेडिओचा आवाज येऊ लागला. समोरच्या घरातूनही तोच. शालन साऱ्या गावाला ऐकू येत होती, तिच्या बापाला सोडून. शेजारचा रेडिओ तारांसकट काढून आणीपर्यंत कार्यक्रम संपला असता. आणि एकदम त्याला तो खण आठवला.

त्यानं खण ओढला तो खाली पडला. खिळे, रिळं, तारा सगळं पसरलं. त्यातून तो तळहाताएवढा स्पीकर सापडला. पेटीच्या तारा तोडल्या, याला पिळल्या, बटण खाली आणलं आणि तो उघडाच स्पीकर नेऊन अण्णांच्या कानाशी धरला.

अण्णांचा चेहरा उजळला. घुमारा नव्हता, गोडवा नव्हता. पत्र्याच्या डब्यात बसून गावं तसा आवाज, पण शालनचा. शब्द स्पष्ट. अण्णांची बोटं मांडीवर ताल धरू लागली. दोन ओळी झाल्या असतील नसतील, समेवर येऊन गाणं थांबलं. निवेदिका पुढच्या कार्यक्रमाचं नाव सांगू लागली.

"वा, पोरी!" अण्णा म्हणाले. डोळे पुसले आणि उमाकांतकडं वळले. "उमा, सुरुवात कशी होती रे?"

उमाकांतला रडू फुटलं. "मी ऐकलीच नाही, अण्णा. माझं सगळं लक्ष बटणाकडं." मग तो कुमुदकडं आणि दस्तगीरकडं बघून म्हणाला, "मला आठवडाभर आधीच कळलं होतं. तुम्हाला सांगायला धीर झाला नाही."

कुमुद कपाळाला हात लावून खाली बसली. "एवढंच होतं तर बोलायचं की हो! मी मशीन पडवीत काढलं असतं. एका रविवारचा तर प्रश्न होता."

"आणि माझा डग्गा मीच वाजवलाय ना, उमाभाऊ," दस्तगीर म्हणाला. "तो मला कशाला ऐकवायचा होता? नसता घुमला तरी काय बिघडलं असतं?"

दस्तगीर अण्णांच्या कानाशी वाकून ती चाल सांगू लागला, पण त्याचा गळा पडला भसाडा आणि चाल सांगून थोडीच कळते.

अण्णांना या बोलण्यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं. ते तो छोटा स्पीकर हातात धरून एकेकाच्या तोंडाकडं बघत पुन्हा विचारत होते, "अरे सांगा की कुणीतरी, सुरुवात कशी होती?"

तात्पर्य: जो सगळ्यांना हो म्हणतो, तो कुणाला तरी न सांगता नाही म्हणत असतो. काय सोडावं लागणार ते आधीच उघड बोलावं; नाहीतर ज्याला सगळ्यांत जास्त गरज, नेमकं त्याच्याच वाटणीचं जातं.