चुलीपाशी भरवलेला घास

एका गावात एक बाई होती, आणि ती खरं बोलत होती. पण बाईचं खरं कोण ऐकतो? तिचंही कोणी ऐकलं नाही.

कोंडाबाई तिचं नाव. गावातल्या मठात ती रांधायची. मठाचे गुरू गिरिधरबुवा. मठाची जुनी रीत अशी, की म्हाताऱ्या गुरूने आपल्या ताटातला घास भर पंगतीत ज्याला भरवला, तो पुढचा गुरू. मग गुरूचा उपदेश त्याने पुढे चालवायचा.

बुवांचा पुतण्या निरूपणाला बसला की घोरायचा. कोंडाबाई पीठ मळता मळता ऐकायची, अडलं तर विचारायची. गादीचा खरा वारस कोण, ते बुवांना कळून चुकलं. मठाच्या मूळ गुरूंच्या पुण्यतिथीला मोठी पंगत असायची; तिच्या आदल्या दिवशी ते स्वयंपाकघरात आले, तिच्यासमोर जेवायला बसले आणि पहिला घास त्यांनी तिला भरवला.

ती घाबरली. म्हणाली, "बाईमाणसाला गादी? लोक तुम्हाला फाडून खातील."

"मी गुरू आहे, कोंडे. मला कोणाचं भय? उद्या पंगतीत सगळ्यांदेखत भरवतो."

दुसऱ्या दिवशी पंगत बसली. बुवांनी घास उचलला. समोर पाटील मिशीवर हात फिरवत बसलेला. बुवांनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा पाटलाकडे, आणि घास पुतण्याच्या तोंडात घातला.

कोंडाबाई वरणाचं भांडं घेऊन दारातच थबकली. म्हणाली, "बुवा, काल चुलीपाशी घास कोणाला भरवलात, ते सांगा."

पाटील हसला. "धुराने डोकं फिरलंय हिचं." मग सगळी पंगत हसली.

बुवांनी मान वर केली नाही. "पंगत खोळंबलीय," ते म्हणाले, "वरण वाढ."

तिने वाढलं. शेवटच्या पानापर्यंत वाढलं, भांडं खाली ठेवलं आणि मठाबाहेर पडली. पुतण्या गादीवर बसून गंडेदोरे विकू लागला. उपदेश त्याला येतच नव्हता, तर सांगणार काय? कोंडाबाईला येत होता, पण खोटारडीकडे शिकायला कोण येणार?

बुवा अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांनी तिला बोलावून घेतलं. म्हणाले, "मनातून गादी तुलाच दिली होती गं."

"मनातलं मला कशाला सांगता?" ती म्हणाली. "पंगत तर कधीच उठली."

तात्पर्य काय, तर नुसत्या पुतण्याला शिव्या देऊ नका. आयता घास कोणीही गिळतो. परंपरा बुडवली ती खरं ठाऊक असून चारचौघांत खाली मान घालणाऱ्याने. मठात आज त्याच्याच पादुकांना फुलं वाहतात. गिरिधरबुवा.