आधी चूक, मग पगडी

फार जुनी गोष्ट. तेव्हा राजे उदंड होते आणि राज्यं मुठीएवढी. असंच एक सात गावांचं राज्य डोंगराच्या कुशीत होतं. तिथली एक रीत मात्र भल्याभल्या राज्यांत नव्हती. राजा मेला की त्याच्या लेकानं चावडीपुढं उभं राहून बापाची एक चूक सांगायची आणि ती निस्तरायची शपथ घ्यायची. मगच डोक्यावर पगडी.

पणज्यानं गड बांधला, पाणी बघितलं नाही. आजोबानं टाकं खोदलं, पण हौसेनं हत्ती पाळला. हत्तीनं दोन गावांचा ऊस खाल्ला. बापानं तो हत्ती शेजारच्या मोठ्या राजाला नजर करून टाकला. असं चाललं होतं.

आता तो बाप वारला होता. पोर चावडीपुढं उभं राहिलं, डोळे सुजलेले. ह्याच बापानं त्याला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली होती. त्याची चूक कुठल्या तोंडानं सांगायची?

"माझ्या वडलांनी चूक केलीच नाही," तो म्हणाला.

पगडी धरून उभा असलेला म्हातारा पाटील खेकसला, "मग माणूस नव्हते का ते? धाकलं सरकार, लवकर बोला. हात दुखायला लागले माझे."

"नको मला पगडी. मी बापाला नावं ठेवणार नाही."

तेव्हा त्याची आई उठली. "मी सांगते. माझ्या माहेरी, भाच्याच्या लग्नात ह्यांना दुसऱ्या पंगतीला बसवलं. तेवढ्यावरून ह्यांनी तिकडं जायच्या खिंडीत भिंत घातली. सगळ्या आयाबायांचं माहेर पलीकडं राहिलं. माझी आई गेली, तेव्हा मी गडावरून नुसता धूर बघितला."

"आईसाहेब, तुमची माया नव्हती त्यांच्यावर?" पोरानं विचारलं.

"होती की! म्हणूनच बोलते. शेवटी शेवटी खिंडीकडं बघत बसायचे. भिंत पाडायची लाज वाटली त्यांना. लेकरा, ते काम तुझ्यासाठी राहिलंय."

पोरानं डोळे पुसले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माझा बाप पंगतीवरून रुसला आणि त्यानं बायांचं माहेर तोडलं. ही त्याची चूक. भिंत मी पाडीन."

पाटलानं पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली. "शहाणे आहात. थोरल्या सरकारांसारखेच. फक्त जरा लवकर."

दुसऱ्या दिवशी नव्या राजानं पहिला दगड स्वतः काढला. वाट मोकळी झाली तशा बाया धावत सुटल्या. नवरे, पोरं, गाठोडी मागं राहिली. आणि नवल बघा, ज्या बाया इतकी वर्षं मेल्या राजाच्या नावानं बोटं मोडत होत्या, त्याच माहेरी जाऊन सांगू लागल्या, "माणूस वाईट नव्हता हो. तापट होता एवढंच."

बापाची चूक झाकली तर ती लेकाच्या माथी बसते. बोलून निस्तरली तर दोघंही सुटतात.