तालमीतली मऊ माती

एकदा एका वृद्ध वस्तादांना आपली तालीम कोणाच्या हाती सोपवावी, हा प्रश्न पडला. पट्टशिष्य सर्जेराव अंगापिंडाने मजबूत, डावपेचांत तरबेज. साऱ्या गावाने त्यालाच भावी वस्ताद ठरवून टाकले होते आणि त्याच्याही मनात तीच एक आस होती.

पण शहरातून येताना त्याने तोंडात एक शब्द आणला होता: सॉफ्ट. हळू बोलणारा सॉफ्ट, पडलेल्याला हात देणारा सॉफ्ट, दम लागून बसला तोही सॉफ्ट! सगळ्यांना एकाच काठीने हाकायचे. पिराजी नावाच्या लाजाळू गड्याला तर त्याने या शब्दाने पार खचवले होते. अखेर पाळी आली मातीची. रोज उकरायची, ताक-तेल-हळद घालून मुरवायची, हे लाड कशाला? सॉफ्ट मातीत पैलवानही सॉफ्टच निपजणार, असे त्याने वस्तादांना बजावले.

वस्ताद भडकतील असे सर्वांना वाटले. त्यांनी मात्र दसऱ्यापर्यंत तालीम त्याच्या स्वाधीन केली आणि माती त्याच्या मनासारखी ठेवायला सांगितले. सर्जेराव हरखून गेला.

थोड्याच दिवसांत माती दगडासारखी झाली आणि कुस्त्या थंडावल्या. गडी एकमेकांच्या मानेवर हात टाकून नुसते झुलायचे. सर्जेराव ओरडून थकला, शेवटी स्वतःच कुस्तीच्या हौद्यात उतरला. त्याने ढाक हा डाव टाकायला घेतला; पण त्यात टाकणाऱ्यालाही समोरच्या गड्याबरोबर खाली यावे लागते. ऐन क्षणी खालची जमीन आठवली आणि त्याने पाय मागे घेतला. त्याला स्वतःची विलक्षण लाज वाटली. तालमीला आपण लायक नाही, असे त्याने वस्तादांना जाऊन सांगितले.

वस्ताद म्हणाले, "लेका, त्या शब्दाला तू एकच अर्थ चिकटवलास. कच्च्याचा मऊपणा येगळा, मुरलेल्याचा येगळा. माती मऊ असती म्हणून गडी पडायला भीत न्हाई. आन् जो पडायला भीत न्हाई, त्योच डाव टाकतो."

दुसऱ्या दिवशी सर्जेरावाने फावडे स्वतः उचलले. माती पुन्हा मुरली, तेव्हा त्याने सर्वांसमक्ष पिराजीला हौद्यात बोलावले.

"घाल ढाक," तो म्हणाला. "मी पडतो."

पाठीवर पडून हसणाऱ्या सर्जेरावाकडे पाहून वस्तादांनी तिथेच सांगून टाकले, की तालीम आता याची.