पाठ नसलेल्या चाली

एकदा एका वृद्ध बुद्धिबळगुरूंची शिष्या राज्य निवड स्पर्धेत खेळत होती. तिच्याकडे डावाची एक धारदार सुरुवात होती. आधी प्यादे द्यायचे, मग घोडाही द्यायचा आणि समोरच्याचा राजा भर पटावर उघडा पाडायचा. वीस चाली तिने स्तोत्रासारख्या पाठ केल्या होत्या. पण त्या दिवशी घाई नडली. आधी उंट बाहेर काढायचा, तो राहून गेला आणि घोडा देऊन बसली. चूक ध्यानात येताच तिने आपला राजा आडवा केला आणि हार पत्करली.

आता संघात जागा हवी तर उद्याची शेवटची फेरी जिंकणे भागच होते.

"गुरुजी, उद्या साधीच सुरुवात करते. ही तलवार मला झेपत नाही."

उतरले होते त्या धर्मशाळेच्या ओसरीवर गुरुजींनी पट मांडला, तिने हार मानली तीच स्थिती लावली आणि स्वतः तिच्या हरलेल्या बाजूला बसले.

"घोडा जास्त आहे ना तुझा? मग हरव मला."

"पंधरा मिनिटांत हरवते!"

"मग चहा सांगतच नाही. पंधरा मिनिटांत तो प्यायला वेळ कुठाय तुला?"

ती हसली. पण तिचा राजा काही केल्या आडोशाला जाईना. गुरुजी एकेक प्यादे चिवटपणे पुढे रेटत राहिले. दोन तासांनी पटावर दोन राजे तेवढे उरले. बरोबरी.

"हा डाव मी सोडला तरी कसा?" ती पुटपुटली.

"पोरी, डाव संपला नव्हता, तुझे पाठांतर संपले होते. पाठ केलेल्या चाली ज्यांनी शोधल्या, त्यांच्या. त्या सरतात तिथे तुझा डाव सुरू होतो, आणि तू नेमकी तिथूनच उठलीस."

दुसऱ्या दिवशी तिने तीच सुरुवात केली. आठव्या चालीला प्रतिस्पर्ध्याने भलतेच प्यादे सरकवले. मोहऱ्याला हात लागला की तेच चालवावे लागते, म्हणून तिने दोन्ही हात मांडीखाली दाबले आणि अर्धा तास नुसता पट पाहिला. मग शांतपणे वजीर उचलला.

पाच तासांनी ती बाहेर आली. "जिंकले, गुरुजी!"

"किती चाली झाल्या?"

"त्रेसष्ट."

"पाठ केलेल्या?"

"आठच."

"म्हणजे आज पंचावन्न चाली खेळलीस."

तिने डावाच्या चाली टिपलेल्या कागदावर आठवीखाली एक रेघ ओढली, आणि रेघेखालचा डाव ती सावकाश वाचू लागली.