टाकीच्या तोंडाशी बसलेला भाऊ

एका नगराबाहेर सांडपाणी शुद्ध करण्याचं केंद्र होतं. तिथं घुमटासारख्या छताची एक प्रचंड बंद टाकी होती. साऱ्या नगराचा मैला तिच्यात कुजायचा आणि त्यातून गॅस तयार व्हायचा. काही वर्षांनी टाकी रिकामी करून तळाशी घट्ट बसलेला गाळ खरवडावा लागे. ते काम निघालं की भल्याभल्यांना नेमका ताप यायचा.

तिथली एक रीत होती. आत उतरणाऱ्याच्या पट्ट्याला दोर बांधायचा, तो वरच्या चाकावर घ्यायचा आणि चाकापाशी बसणाऱ्याने स्वतःला कठड्याशी बांधून घ्यायचं. नवखे हसायचे, "हा काय पळून जाणार आहे?" पण त्याने आत उडी मारू नये म्हणून ती गाठ होती. पूर्वी एकजण आत पडला, त्याला काढायला दुसरा उतरला, दुसऱ्यासाठी तिसरा. तिघांचीही प्रेतंच बाहेर आली.

त्या वर्षी भानुदास आत उतरला आणि त्याचा थोरला भाऊ दिगंबर चाकापाशी बसला. पंख्याने आत हवा सोडली होती, गॅस मोजून पाहिला होता. तरी दिगंबर दोरावरचा हात काढत नव्हता. आतून सडक्या अंड्यांचा वास येत होता, फावड्याचा आवाज येत होता. तेवढ्यात गाळाची वरची पापडी फुटली आणि खाली कोंडलेला गॅस मोकळा झाला. वरून ते कोणाला दिसणार?

भानुदास खुशीत ओरडला, "दादा, वास गेला बघ एकदाचा!"

दिगंबरच्या अंगावर सर्रकन काटा आला. तो गॅस फार वाढला की माणसाला त्याचा वासच येईनासा होतो.

"फावडं टाक! वर ये!"

फावड्याचा आवाज थांबला. काहीतरी धपकन पडल्याचा आवाज आला.

पंपावरचा रघुनाथ धावत आला. "सख्खा भाऊ मरतोय आणि तू बसून राहिलास? उतर!"

दिगंबरचा हात स्वतःच्या गाठीकडे गेला. खरं सांगायचं तर एक पीळ त्याने सोडवलाही. मग त्याला वाटलं, मी उतरलो तर चाक कोण फिरवणार? रघुनाथने तोवर शिडीवर पाय टाकला होता. दिगंबरने त्याची कॉलर धरून त्याला मागे ओढलं.

"भाऊ आहे म्हणूनच बसलोय. चाक फिरव!"

दोघांनी चाक फिरवलं. अर्ध्यावर दोर आतल्या पाइपात अडकला. तो सुटण्यासाठी ढिला करायला हवा होता. मरणाऱ्या भावाला पुन्हा त्या अंधारात खाली सोडायचं! दिगंबर लहान मुलासारखा रडत होता, पण त्याने दोर ढिला सोडला, बाजूला सरकवला आणि पुन्हा ओढला.

भानुदास वर आला तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्याला मोकळ्या वाऱ्यात नेलं, नाकाला ऑक्सिजन लावला. दिगंबर त्याच्या छातीवर दाब देत राहिला. मग ती आपोआप हलली.

डोळे उघडताच त्याने विचारलं, "दादा, तू आत नाही ना आलास?"

"नाही रे."

"बरं केलंस. मी गेलो असतो, तरी आईला एक उरला असता."

तात्पर्य: आपल्या माणसामागे संकटात उडी घेणं सोपं असतं, पण त्याला वाचवायचं असेल, तर भीती गिळून आणि बोल सोसून आपल्या जागी टिकावं लागतं.