भिवाची घंटा आणि पंचांची खिचडी

एका गावात एक भोळा भिवा राहायचा, आणि त्याची बायको चांगुणा. चांगुणा गावची बालवाडी चालवायची. बालवाडी कुठे, तर देवळाच्या भांड्यांच्या खोलीत. भंडाऱ्याच्या मोठमोठ्या कढया, परातींची चळत, आणि मधल्या फटींत वीस पोरं.

पलीकडे हातमागाची रिकामी इमारत विकायला निघाली होती. चार खिडक्या, पुढे अंगण. पंचायतीनं ती घेतली तर ठीक, नाहीतर बालवाडी शेजारच्या गावाला जाणार होती. मग चांगुणाचं काम गेलं, आणि त्या कामावरच घरची चूल पेटायची.

नेमका तेव्हाच चांगुणाचा पाय मोडला.

ती म्हणाली, "अहो, पोरं तुम्ही सांभाळा. खिचडी संपवल्याशिवाय कुणाला उठू द्यायचं नाही. आणि देवळातली दुपारची घंटा झाल्याशिवाय कडी काढायची नाही, कुणी कितीही रडलं तरी."

"बरं," भिवा म्हणाला.

"आणि सरपंचांकडे जाऊन सांगा, पोरं वीस आहेत, जागा चारांची. नवं घर घ्या."

भिवा गेला. सरपंचांच्या मुलीला बघायला पाहुणे आले होते. भिवा उंबऱ्यातूनच ओरडला, "पोरं वीस आहेत, जागा चारांची! नवं घर घ्या!"

मुलाच्या बापानं पोह्यांची बशी खाली ठेवली आणि चपला शोधल्या.

चांगुणानं कपाळाला हात लावला. "अहो, परका माणूस आला की आधी कौतुक करावं! जागा ऐसपैस, हवा छान, काही कमी नाही, असं बोलावं."

"बरं."

दोन दिवसांनी ग्रामसेवक भांड्यांची खोली तपासायला आला. परका माणूस. भिवा हात जोडून म्हणाला, "जागा ऐसपैस, हवा छान, काही कमी नाही."

एक पोरगी कढईतून डोकं काढून बघत होती. पण ग्रामसेवकानं लिहून घेतलं, काही कमी नाही.

चांगुणा आता रडायलाच लागली. "उद्या पंच स्वतः यायचेत. उद्याच काय ते ठरणार. अहो, तुमच्या पाया पडते, तोंडानं काही सांगू नका. पोरं रोज कशी बसतात, तेवढं दाखवा."

"बरं."

दुसरा दिवस रविवार. पोरांना सुट्टी. पंच आले, सोबत सरपंच आणि देवळाचा गुरव. भिवानं विचार केला, पोरं नाहीत, मग दाखवायचं कसं? त्यानं पंचांनाच आत बसवलं. दोघे परातींमागे, तिघे चुलवणाजवळ. जाडजूड सरपंच कुठेच मावेनात, त्यांना मोठ्या कढईत. प्रत्येकापुढे खिचडी ठेवली आणि बाहेरून कडी घातली.

"ए भिवा, कडी काढ!"

"घंटा झाल्यावर."

दुपार टळली. आत गुडघ्याला गुडघा, धापेला धाप. सरपंच घामानं निथळले. एका पंचाला खरंच रडू आलं.

"गप्प बसा. खिचडी संपवा," भिवा बाहेरून म्हणाला.

शेवटी सगळ्यांनी मिळून ठराव लिहिला, इमारत घ्यायची, आजच्या आज. सह्या, अंगठे झाले. कागद झरोक्यातून बाहेर आला.

"घेतली रे बाबा इमारत! आता तरी काढ!"

भिवानं कागद नीट घडी करून खिशात ठेवला. "घंटा कुठे झाली?"

आतून गुरव ओरडला, "अरे, घंटा मीच वाजवतो!"

भिवा म्हणाला, "मग वाजव की. कोण अडवतंय?"

दिवस कलला. शेवटी सरपंचांनी झारा उचलला आणि बसल्या जागी कढईवर दणादण हाणला. भिवानं कान टवकारले, हात पुसले आणि कडी काढली.

महिन्याभरात बालवाडी चार खिडक्यांच्या घरात गेली. चांगुणाचं काम राहिलं. आणि तिथली घंटा वाजवायला पगारी माणूस नेमायची वेळ आली, तेव्हा सरपंचांनी दुसरं नावच घेऊ दिलं नाही.

ते म्हणाले, "भिवालाच ठेवा. घंटा आणि कडी एकाच माणसाच्या हातात बरी."