मुक्या कड्याची ओळ

आडदऱ्याच्या डोहावरच्या काळ्या कड्याला मुका कडा म्हणतात. खरे तर तो मुका नाही. बैलाच्या घुंगरांचा आवाजही तो परत देतो. पाहुण्यांनी नावाचे कारण विचारले, की गावातले म्हातारे हैबतीतात्या आधी पायातल्या वहाणा काढतात आणि मग सांगायला बसतात.

फार पूर्वी गावात खेमा नावाचा गाणारा होता म्हणे. डोहात कोणी बुडाले, की तेराव्याला काठावर त्या बुडालेल्यावर रचलेले गाणे म्हणायची रीत होती. कड्याने सगळे गाणे परत दिले, की बुडालेला सुटला असे मानीत. एका श्रावणात खेमाचा धाकटा भाऊ नागूच बुडाला. त्या वेळी काठावर एकटा खेमा होता.

आई म्हणाली, "गावातल्या किती जणांना मोकळं केलंस. आता आपल्या नागूला कर."

खेमाने असे गाणे रचले, की बायका पदराआड रडू लागल्या. कडा एकेक ओळ परत देत होता. मग तो गायला,
'हात दिला रे भावाला, हात निसटून गेला.'
कडा गप्प राहिला.

"ओळ लांबतीय, बुवा. जरा छाट," डफवाला कुजबुजला.

खेमाने ती छाटली, आणखी गोड केली. या खेपेला कड्यातून आवाज आला, पण तो खेमाचा नव्हता.

"दादा, हात दे."

आईने तो आवाज ओळखला. ती खेमाकडे बघत राहिली.

खेमा गुडघाभर पाण्यात उतरला. त्याने चाल लावली नाही. "मी भ्यालो, नागू. हात मी पाठीमागं धरला."

हे शब्द कड्याने जसेच्या तसे, त्याच्याच आवाजात परत दिले. आई उठली आणि त्याचा ओला हात धरून त्याला घरी घेऊन गेली.

आजही आडदऱ्यात नवे गाणे आधी कड्याला ऐकवतात, दोन्ही हात समोर धरून. जी ओळ परत येत नाही, ती गाणारा तिथेच टाकतो. मागे एका पाहुण्याने हसत आपल्या कवितेची ओळ म्हटली, 'आई, तुझ्या उशाशी मी रात्रभर जागलो.' काहीच परत आले नाही.

"वारा उलटा असेल," तो म्हणाला.

"असेल," तात्या वहाणा पायात घालत म्हणाले. "पण आता इथं थांबू नका. कधी कधी त्याला उशीर लागतो."